स्केलकाका

मुलुंडला एलबीएस रोडवर पूर्वी कारखान्यांचे भोंगे वाजत. आता तिथे टॉवर आहेत, आणि टॉवर म्हटला की वरच्या मजल्यावर एक तरी स्टार्टअपचा फाउंडर असायचाच. आमचा चौतिसाव्या मजल्यावर राहतो. वय बेचाळीस, टी-शर्ट काळा, बूट पांढरेशुभ्र. सोसायटीतली मुलं त्याला स्केलकाका म्हणतात. कारण गणपतीची वर्गणी असो की कोजागरीचं दूध, त्याचा प्रश्न ठरलेला : "पण हे स्केल कसं होणार?" मागच्या कोजागरीला पातेल्यापाशी बसलेल्या आजी म्हणाल्या, "अरे, दूध आटवायचं असतं!"

माणूस वाईट नाही. लिफ्टमध्ये भेटला की हसतो. फक्त हसताना आपली शिरगणती चालली आहे असं वाटत राहतं. त्याच्या लेखी जगात शेजारी, भाजीवाले, रिक्षावाले असं कोणी नसतंच. असतात ते यूजर. वॉचमनला त्याने एकदा मोठ्या आस्थेने विचारलं, "तुमचा पेन पॉइंट काय?" वॉचमनने डावा गुडघा दाखवला.

ऑफिस अंधेरीला, सीप्झजवळ. (सीप्झच्या लांबलचक नावात सांताक्रूझ आहे आणि जागा अंधेरीत, 1973 पासून कोणाचं काही बिघडलेलं नाही.) बालपण मात्र अस्सल मुलुंड पूर्वेचं. कॉलेजात असताना घाटकोपरहून 340 नंबरच्या बसला लोंबकळत अंधेरी गाठायचो, हे तो प्रत्येक भाषणात सांगतो. जून 2014 मध्ये मेट्रो आली आणि घाटकोपर-अंधेरीकरांचे हाल थोडे कमी झाले. पण तोवर ह्याच्याकडे गाडी आणि ड्रायव्हर दोन्ही आले होते.

नारायण मूर्तींनी 2023 मध्ये तरुणांना आठवड्याला 70 तास काम करायला सांगितलं, तेव्हा ह्याने सोसायटीच्या ग्रुपवर टाळ्या टाकल्या. 2025 मध्ये एल अँड टीच्या सुब्रह्मण्यन यांचे 90 तास आले, तेव्हा दुप्पट टाळ्या. बदलापूरहून येणाऱ्याचे रोजचे तीन-चार तास गाडीत जातात, ते ह्यात धरायचे का, एवढंच मी विचारलं. उत्तर आलं : "ट्रेनमध्ये पॉडकास्ट ऐकता येतो."

ट्रेन हा त्याचाच विषय. त्याचं अ‍ॅप लोकलची गर्दी आधीच सांगतं. सचिन टेके यांचं एम-इंडिकेटर मुंबईकरांच्या खिशात असताना हे कशाला? तर "ते वेळ सांगतं, आम्ही एक्स्पिरिअन्स सांगतो." युक्ती अशी की, डब्यात किती जणांनी अ‍ॅप उघडलंय त्यावरून गर्दी मोजायची. ज्या गर्दीत खिशापर्यंत हातच पोचत नाही, तिथे अ‍ॅप कोण उघडणार? त्यामुळे संध्याकाळी सातची फास्ट त्याच्या अ‍ॅपवर कायम हिरवीगार दिसते, श्रावणातल्या माळशेज घाटासारखी.

जुलैत एका संध्याकाळी घरी येताना जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड तुंबला. गाडी तासभर जागची हलेना, तेव्हा स्वारी मरोळ नाक्याला मेट्रोत बसली. मेट्रोने त्याला सुखरूप घाटकोपरला पोचवलं. तिथून पुढे मध्य रेल्वे. सुखरूप हा शब्द मेट्रोच्या जिन्यावरच ठेवून यायचा असतो. ह्याने अ‍ॅप पाहिलं. हिरवं. समोर उभी असलेली गाडी धरली, म्हणजे गर्दीने त्याला आत भरलं. पाठीवर लॅपटॉपची सॅक. "ओ भाऊ, बॅग पुढे घ्या!" असं चौघे ओरडले, तर हा आपला "एक्स्क्यूज मी" करत राहिला. गाडी मुलुंडला न थांबणारी होती. जन्मगाव त्याने दोन बगलांच्या फटीतून डोळे भरून पाहिलं.

मुलुंडकर चुकून ठाण्याला उतरला, ह्यापेक्षा मोठी नामुष्की आमच्याकडे नाही.

हे मला आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी सांगितलं. त्या त्याच्याकडेही जातात. राहतात दिघ्याला, त्यामुळे ठाण्याला गाडी बदलतात. पुलावर त्यांना हा दिसला : एक बूट काळा झालेला, फोन हातात, माणसं दोन्ही बाजूंनी वाहताहेत आणि हा मधोमध उभा. मावशींनी त्याची सॅक उतरवून पुढे अडकवली, जिन्याने खाली नेलं, मुलुंडला जाणारी स्लो दाखवली आणि गाडी सुटेपर्यंत थांबल्या. त्यात त्यांची ट्रान्स-हार्बर चुकली.

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता मला म्हणाल्या, "माणूस चांगला आहे हो. पण एकटं पाठवू नका."