कॅल्शियम कार्बाइड यांस अनावृत पत्र

मा. कॅल्शियम कार्बाइडसाहेब, सा. न. वि. वि.

वर्षभर शेतात रेंगाळणाऱ्या केळीला आपण एकदोन रात्रींत पिवळं करता, याबद्दल रावेर, यावल, चोपड्याच्या वतीने प्रथम आपलं अभिनंदन. फळं पिकवायला आपल्याला वापरू नये असं 2011 चे अन्नसुरक्षा नियम सांगतात. तरी आपला मोठेपणा असा, की कागदाच्या पुडीत बसून आपण सेवा चालूच ठेवता. ओल लागली की आपल्यातून ॲसिटिलीन निघतो. वेल्डिंगच्या दुकानात लोखंड जोडतो तोच हा वायू. सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येतात, त्यांचे वेगळे पैसे आपण लावत नाही. साल झळकते, आतल्या पिठाची साखर व्हायची राहून जाते. पण गिऱ्हाईक पैसे मोजतं ते सालीकडे बघून, आणि केळं सोलतं घरी गेल्यावर.

आपले वकील विचारतील, केळी कापतात ती हिरवीच, रावेर-सावद्याहून रेल्वेने दिल्लीला धाडतात, मग कुणीतरी पिकवायला नको का? शिवाय टिश्यू कल्चरची रोपं लावून जळगावनेच अठरा महिन्यांचं पीक अकरा-बारा महिन्यांवर आणलं, ती घाई चालते? चालते. गाडी तर धावावीच. वाटेत घडाच्या आत काही व्हायचं नसतं. टिश्यू कल्चरचं रोप शेतात येण्याआधी प्रयोगशाळेत आणि शेडनेटमध्ये कित्येक महिने सांभाळलेलं असतं, म्हणजे शेतात वाचलेल्या वेळातला बराचसा तिथे आधीच भरलेला असतो. रायपनिंग चेंबरमधलं इथिलीन तर फळ स्वतःच तयार करतं. ते 100 पीपीएमपर्यंत द्यायला परवानगी आहे, पण दिल्यावर गार खोलीत चार-पाच दिवस थांबावंच लागतं. आपला ॲसिटिलीन त्याची ओबडधोबड नक्कल करतो : रंग पुढे पळतो, गर मागे राहतो.

आपला शिष्यवर्ग आता केळीपुरता उरलेला नाही. तीस दिवसांत इंग्रजी आणि दहा दिवसांत अख्खा अभ्यासक्रम पिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत. त्यांनी धुळ्याच्या तुरुंगाचा इतिहास मात्र वाचू नये. 1932 मध्ये विनोबांनी तिथे गीतेवर प्रवचनं दिली ती 21 फेब्रुवारी ते 19 जून, अठरा रविवारी अठरा अध्याय. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, आणि ‘गीता प्रवचने’ अनेक भाषांत गेली. कैद्यांना काय, वेळच वेळ, असं आपण म्हणाल. अहो, वेळच वेळ होता तर अठरा दिवसांत उरकता आलं असतं! रविवारच का, याचं कारण काहीही असो. दोन अध्यायांमधले सहा दिवस ऐकणाऱ्यांना मिळाले, आणि क्रॅश कोर्सवाला नेमके तेच कापून टाकतो.

एक आक्षेप मात्र थट्टेवारी नेता येत नाही. डोक्यावर कर्ज आणि बांधावर व्यापाऱ्याची गाडी, अशा शेतकऱ्याला सबुरीचे धडे देणं हा निर्लज्जपणा आहे. पण तो तर हिरवा घड क्विंटलच्या भावाने देऊन मोकळा होतो, पिकवणं त्यानंतरचं. पुडीने वाचवलेले चार दिवस त्याच्या खात्यात कधीच जमा होत नाहीत. तेव्हा गरिबाच्या नावाने आपली बाजू मांडणाऱ्यांना एवढं विचारून कळवावं, की ते दिवस नेमके कुणाच्या गल्ल्यात पडतात? उत्तराची घाई नाही.

कळावे,
आपला,
एक सावकाश खानदेशी