स्थानिकांच्या शोधात

मराठी प्रवाशांमध्ये सध्या दोन पंथ आहेत. पहिला पंथ सहल कंपनीबरोबर जातो. त्याच्यासोबत महाराज असतात. महाराज म्हणजे आचारी, मोक्षाची व्यवस्था वेगळी. पॅरिसमध्ये गरम पोळी, स्वित्झर्लंडच्या बर्फात वरणभात आणि शेवटच्या रात्री श्रीखंड. दुसरा पंथ स्वतःची तिकिटं स्वतः काढतो, पहिल्या पंथाच्या पिशवीतल्या भाकरवडीला हसतो आणि परत आल्यावर सोसायटीच्या तीन मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतो, ‘‘आम्ही बाई तिथलं तिथलंच खातो!’’

या दुसऱ्या पंथाचा गुरुमंत्र एकच : जिथं स्थानिक लोक जेवतात, तिथंच जेवायचं. मंत्र सोपा आहे. अडचण स्थानिकांची आहे. त्यांना कुणी याची कल्पना दिलेली नाही.

बर्लिनचा माणूस रात्री भूक लागली की डोनर कबाब खातो. 1961च्या करारानंतर मजूर म्हणून जर्मनीत आलेल्या तुर्कांनी 70च्या दशकात तो पावात घालून विकायला घेतला. लंडनची कथा आणखी करुण. 2001 साली परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी चिकन टिक्का मसाला हा खरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ असल्याचं भर भाषणात सांगितलं. म्हणजे कोथरूडच्या माणसाने पाय आखडून रात्रभर विमानात बसायचं, पौंडांत बिल भरायचं आणि साहेबाने त्याच्यापुढे टिक्का ठेवायचा. स्वीडनने तर 2018मध्ये देशाच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून कबूलच केलं की आमचे जगप्रसिद्ध मीटबॉल मुळात तुर्कस्तानातले, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला आमचा राजा बारावा कार्ल ती कृती घेऊन आला. सरकारंच असं खरं बोलायला लागली, तर पर्यटकाने भरवसा ठेवायचा कुणावर?

मग बँकॉक. तिथं पाड थाई खाल्ल्याशिवाय फोटोला अर्थ नाही. हा प्राचीन थाई पदार्थ मुख्यतः पंतप्रधान फिबुन यांच्या कारकिर्दीत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे, राष्ट्रउभारणीच्या मोहिमेत सरकारी प्रोत्साहनाने लोकप्रिय झाला. त्यातल्या नूडल्स चिनी. त्याच मोहिमेत जनतेने बाहेर पडताना टोपी घालावी, असाही हुकूम होता. टोपी टिकली नाही, नूडल्स टिकल्या. आपल्याकडे सरकारी योजनांचं नेमकं उलट होतं.

स्थानिकांचा भरवसा नाही म्हटल्यावर आपला खवय्या जाणकारांकडे वळतो. जगातला सर्वांत वजनदार जाणकार टायर विकतो. मिशलिन बंधूंनी 1900 साली आपली मार्गदर्शिका फुकट वाटली ती लोकांनी मोटारी जास्त फिरवाव्यात म्हणून. मोटारी फिरल्या की टायर झिजणार. तारे आले 1926मध्ये. दोन ताऱ्यांचा अर्थ आजही ‘वाट थोडी वाकडी करून जावं’ असा आहे. टायरवाला दुसरं काय सुचवणार? बँकॉकच्या जे फाय या आजी डोळ्यांवर जाड गॉगल चढवून कोळशाच्या शेगडीवर खेकड्याचं ऑम्लेट तळतात. तारा मिळाल्यापासून तिथं ताटकळणं हाच मुख्य पदार्थ झाला आहे. ऑम्लेटची किंमत हजार बाहतच्या वर. शेजारच्या गल्लीतला स्थानिक माणूस एवढ्या पैशांत आठवडाभर जेवतो, आणि रांगेकडे बघत बघत जेवतो.

सिंगापूरमध्ये एका हॉकरच्या गाळ्याला 2016मध्ये तारा मिळाला. सोया सॉसमधली कोंबडी आणि भात, दोन-तीन डॉलरांत. मग जग लोटलं, गाळ्याचा ब्रँड झाला, शाखा निघाल्या आणि 2021मध्ये तारा गेला. शाखा राहिल्या. सिंगापूरचा माणूस मात्र हॉकर सेंटरमध्ये टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवून जागा धरतो आणि निवांत रांगेत जातो. खिडकीतून रुमाल टाकून एसटीची सीट धरलेल्या माणसाला हे न सांगता कळतं. तिथली एवढी एकच गोष्ट मला निर्विवाद अस्सल वाटली, आणि ती खाता येत नाही.

जाणकारही नकोत म्हणणाऱ्यांसाठी जनता जनार्दन आहे. म्हणजे अभिप्राय आणि तारे, पण सामान्य माणसांचे. या लोकशाहीचं सर्वोच्च शिखर लंडनच्या डलिच भागातल्या एका बागेतली खोपटी होती. ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने 2017मध्ये आपल्या राहत्या खोपटीची ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर रेस्टॉरंट म्हणून नोंद केली. ओळखीपाळखीच्यांकडून खोटे अभिप्राय लिहून घेतले. पदार्थांच्या फोटोंत दाढीचा फेस होता. एका ताटात अंड्याशेजारी चक्क त्याची टाच होती. फोन करणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं, जागा नाही. जागा नाही म्हटल्यावर मागणी वाढली, आणि नोव्हेंबरात ही खोपटी लंडनच्या हजारो रेस्टॉरंटांमध्ये पहिली आली. तोवर तिथं एकही माणूस जेवलेला नव्हता. शेवटी त्याने एका रात्रीपुरती खोपटी उघडली आणि दुकानातलं तयार जेवण गरम करून वाढलं. काही पाहुण्यांनी पुन्हा कधी यायचं ते विचारलं. मला त्या पाहुण्यांबद्दल आदर आहे. पोट काय म्हणतंय हे त्यांनी शेवटपर्यंत मध्ये येऊ दिलं नाही.

या सगळ्यात स्थानिकांना नेमकं काय हवं असतं? फ्लॉरेन्सच्या महापौरांनी 2018मध्ये ते लेखी कळवलं. जुन्या शहरातल्या चार गल्ल्यांमध्ये जेवणाच्या वेळी फुटपाथवर किंवा लोकांच्या उंबऱ्यावर बसून खाल्लं, तर 500 युरोपर्यंत दंड होता. त्यातल्या एका गल्लीत सँडविचचं जगप्रसिद्ध दुकान आहे. दारातून बाहेर पडायचं तर आधी चार पर्यटक ओलांडायचे, ही तिथल्या रहिवाशांची तक्रार. चार पर्यटकांचं म्हणणं, आम्ही स्थानिकांसारखे जेवतोय.

आता काळ फिरला आहे. तोच गुरुमंत्र घेऊन परदेशी पाहुणा पुण्यात येतो आणि आपल्या दुसऱ्या पंथीयाला विचारतो, ‘‘तुम्ही स्वतः कुठे जेवता? तिथं न्या.’’ क्षणभर पिठलं-भाकरीचा विचार होतो. पण पिठलं-भाकरी घरचीच, तिला कुणी हॉटेलात नेत नाही. रविवारची संध्याकाळ असते. सहकुटुंब नंबर लावून, बाहेरच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर पाऊण तास बसून सगळे आत जातात. पाहुणा भोवताली पाहतो. सगळी टेबलं स्थानिकांनी भरलेली, परदेशी माणूस तो एकटा. त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी असतं. पनीर बटर मसाला, बटर रोटी आणि सुरुवातीला मंचुरियन, अशी ऑर्डर जाते. हे मंचुरियनही 70च्या दशकात मुंबईत एका चिनी वंशाच्या भारतीय आचाऱ्याने जन्माला घातलं, अशी ख्याती आहे.

पाहुणा वहीत लिहून घेतो : अस्सल. वेटर पेन कानावरून काढून त्यालाच विचारतो, ‘‘ड्राय की ग्रेव्ही?’’