दोन कुलपांचं मशीन

व्हीएमसीच्या, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनच्या, दारावर स्टीलची एक छोटी जीभ असते. दार सरकवून लावलं की ही जीभ चौकटीवरच्या स्विचमध्ये शिरते, स्विच कंट्रोलला कळवतो की दार लागलं, आणि मगच स्पिंडल फिरतो. बऱ्याच मशीनांवर सायकल चालू असेपर्यंत स्विच ती जीभ धरून ठेवतो आणि स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच ‘खट्’ करून सोडतो. व्यवस्था इतकी साधी, की ती मोडायला एक ॲलन की पुरते. स्क्रू काढायचे, जीभ दारावरून सोडवायची आणि स्विचमध्ये कायमची खुपसून ठेवायची. मग दार सताड उघडं असलं तरी स्विच आपला इमानदारीने सांगत राहतो, ‘बंद आहे, बंद आहे.’

भोसरी असो की कोल्हापूरची शिरोली, असं एखादं मशीन कुठल्या ना कुठल्या शेडमध्ये भेटतंच. हे कुणी केलं, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘आधीच्या सेटरने.’ हा आधीचा सेटर मोठा सोयीचा माणूस. शेडमधल्या सगळ्या अपराधांचा धनी तोच, आणि तो नेहमी जास्त पगारावर चाकणला गेलेला असतो. त्याने काढलेली जीभ पुन्हा दारावर बसवावी, असं मात्र त्याच्या मागून आलेल्या कुणालाच वाटत नाही.

ऑपरेटरची बाजूही ऐकण्यासारखी आहे. आत कुलंटचा असा मारा चाललेला असतो की काचेतून पांढऱ्या फेसाशिवाय काही दिसत नाही. प्रोग्राम नवा, जॉब पहिलाच, टूल जॉबपासून किती वर आहे ते तर बघायला हवं. ड्रिलला बर गुंडाळली गेली असेल तर तेही. मुरलेला माणूस निम्मं काम कानाने करतो. इन्सर्ट, म्हणजे कटरचं पातं, बोथट होतोय हे त्याला मापाआधी आवाजावरून कळतं, आणि बंद दाराआडून तो आवाज दबून येतो. वर दार उघडण्या-लावण्याचे सेकंद सायकल टाइममध्ये मोजणारे शेठ पाठीमागे उभे.

तरी एकदा हिशेब मांडून पाहावा. 50 मिलिमीटरचा कटर 8000 आरपीएमवर फिरतो तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी 75 किलोमीटर असतो. तिथला इन्सर्ट तुटून निघाला तर साधारण त्याच वेगाने निघतो, आणि समोर कोण उभं आहे याची चौकशी करत नाही. रॅपिडचा, म्हणजे न कापता नुसतं पळण्याचा, वेग मिनिटाला 36 मीटर धरला तर तो सेकंदाला 60 सेंटिमीटर. ‘तेवढ्यात हात काढून घेऊ’ असं म्हणणाऱ्याने त्यातलं ‘तेवढ्यात’ किती लांबीचं असतं ते घरी पट्टी घेऊन मोजावं. ज्याला आपण काच म्हणतो ती बहुधा पॉलिकार्बोनेटची असते आणि कुलंट खाऊन खाऊन काही वर्षांत ठिसूळ होते, हीही एक गोष्ट जाता जाता. ती बदलायची असते हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, आणि मॅन्युअल प्लास्टिकच्या पिशवीत सुरक्षित असतं.

हे आपल्याकडेच चालतं असंही नाही. शिस्तीचं माहेरघर म्हणून आपण ज्यांचे दाखले देतो त्या जर्मनांनी 2006 साली धातुकामाच्या मशीनांच्या पाहणीचा अहवाल काढला, त्यात सुमारे 37 टक्के सुरक्षा साधनांशी कायमची किंवा तात्पुरती छेडछाड झालेली आढळली. म्हणजे आधीचा सेटर तिथेही होता.

दार उघडण्याआधी थांबवायची सोय मशीनवर काही कमी नसते. प्रोग्राममध्ये एम झिरो झिरो आला की मशीन थांबतंच. एम झिरो वन म्हणजे एसटीचा विनंती थांबा: बटण दाबलेलं असेल तर थांबेल, नाहीतर पुढे. फीड होल्डने टेबल थांबतं पण स्पिंडल फिरत राहतो, आणि हे नवशिक्याला कुणी सांगितलेलं नसतं. शेवटी पिवळ्या पार्श्वभूमीवरचं लाल इमर्जन्सी बटण. खंडेनवमीला झेंडूचा हार नेमका त्यालाच अडकवतात, कारण पॅनेलवर पुढे आलेली खुंटी तेवढीच असते.

दाराची जीभ हे पहिलं कुलूप. आता दुसऱ्या कुलपाकडे येऊ. सीएनसी कंट्रोल घेतला म्हणजे त्यातलं सगळं आपलं झालं, असं नसतं. कस्टम मॅक्रो, जादा वर्क ऑफसेट, वेगाने वळणं घेण्यासाठी पुढचे ब्लॉक आधीच वाचण्याची सोय, अशा कितीतरी गोष्टी पुष्कळदा आतच असतात, पण पैसे भरेपर्यंत निजलेल्या. पैसे भरले की जागं करणारा आकडा मिळतो. मशीनमध्ये एक स्क्रूही नवा बसत नाही. फानुकच्या कंट्रोलवर तर प्रोग्रामची जागा कागदी टेपच्या मीटरमध्ये विकली जायची. टेप इतिहासजमा झाली तरी 320 मीटर म्हणजे 128 केबी, हा भाव चालू राहिला. आपल्या काकांनी पाठवलेलं गुलाबाच्या फुलाचं ‘शुभ सकाळ’ त्यात मावायचं नाही.

काही मशीनांचं कुलूप याहून वरचं. तोशिबा मशीन या जपानी कंपनीने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणबुड्यांचे पंखे कोरता येतील अशी मोठी मिलिंग मशीनं सोव्हिएत संघाला विकली. कंट्रोल नॉर्वेच्या काँग्सबर्गचे. 1987 मध्ये प्रकरण उघडकीला आलं आणि अमेरिकी संसदेच्या काही सदस्यांनी संसदेसमोरच्या हिरवळीवर तोशिबाचा रेडिओ घणाने फोडला. रेडिओचा पाणबुडीशी काय संबंध, हे विचारायची ती वेळ नव्हती. निर्यातीचे नियम मग कडक होत गेले, आणि आज अनेक जपानी मशीनांत जागा बदलल्याचं ओळखणारं यंत्र असतं. शेडमधल्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरकवलं तरी मशीन रुसून बसतं, ते कंपनीचा माणूस येऊन समजूत काढेपर्यंत.

गंमत अशी की ही दुसरी कुलपं आपण मुकाट्याने मान्य करतो. कंपनीला मेल करतो, कोटेशन मागवतो, ‘जरा डिस्काउंट बघा’ म्हणतो. विक्रेत्याच्या गल्ल्याला लावलेल्या कुलपाचा एवढा मान, आणि आपल्या बोटांना लावलेलं, फुकट मिळालेलं कुलूप मात्र पहिल्याच आठवड्यात ॲलन कीने उघडायचं!

माझं मत विचाराल तर दोष एकट्या ऑपरेटरचा नाही. दार उघडं ठेवून सेटिंग करावं लागतं हे मशीनिंग सेंटरच्या आंतरराष्ट्रीय मानकालाही मान्य आहे. म्हणून त्यात वेगळा सेटिंग मोड आहे, चावीने निवडायचा, ज्यात टेबल मिनिटाला 2 मीटरच्या वर पळत नाही. जॉबचं माप घेणारा प्रोब असतो. जहाजावरून आलेली, गरागरा फिरून कुलंट झटकणारी गोल काच असते. तिच्यातून आतलं लख्ख दिसतं. पण या गोष्टी बहुतेक ‘ऑप्शनल’ या मथळ्याखाली असतात, आणि कोटेशन घासताना पहिली काट तिथेच बसते. बघायची सोय कापली की बघण्यासाठी दार उघडलं जाणारच.

1948 च्या कारखाने अधिनियमाने आडोसे जागेवर ठेवण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती आणि त्यांच्याशी मुद्दाम खेळ न करण्याची कामगारावर. तेव्हा नवं मशीन घेणार असाल तर शेठ, रंग कोणता आणि डिलिव्हरी कधी हे नंतर विचारा. आधी ती गोल काच आणि सेटिंग मोडची चावी कोटेशनमध्ये घाला. आणि जुनं मशीन असेल तर उद्याच्या पहिल्या शिफ्टला दोन स्क्रू शोधून ती जीभ दारावर परत लावून घ्या. आधीचा सेटर यायचा नाही.