बोट दाखवणाऱ्याचं घर

मोझेस राइट यांच्या त्या प्रसिद्ध फोटोखाली ‘सत्याचा विजय’ असं लिहू नका. त्या खटल्यात सत्य हरलं होतं. दिवसाढवळ्या, भरल्या कोर्टात हरलं होतं.

फोटो सप्टेंबर १९५५ चा, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात समनर गावच्या कोर्टातला. पांढरा शर्ट, गडद टाय, पँटला गॅलिस. अर्धेलीनं कापूस पिकवणारा आणि चर्चमध्ये प्रवचन देणारा एक कृष्णवर्णीय म्हातारा साक्ष देताना उठून उभा राहिला आहे आणि हात सरळ लांबवून आरोपीकडे बोट दाखवतो आहे. कामकाज चालू असताना फोटो काढायला न्यायाधीशांची मनाई होती. मेम्फिसचे कृष्णवर्णीय छायाचित्रकार अर्नेस्ट विदर्स यांनी ती मोडली, म्हणून हा क्षण जगाला दिसला.

त्या बोटाची किंमत समजून घ्यायची तर त्याआधीच्या महिन्यातली एक रात्र माहीत हवी. राइट यांच्या पत्नीच्या बहिणीचा नातू एमेट टिल, वय १४, शिकागोहून सुटीला आला होता. गोऱ्या दुकानदारणीशी आगाऊपणा केला, हा त्याच्यावरचा ठपका. २८ ऑगस्टच्या रात्री दोनच्या सुमारास तिचा नवरा रॉय ब्रायंट आणि त्याचा सावत्र भाऊ जे. डब्ल्यू. मायलम बॅटरी आणि पिस्तूल घेऊन राइट यांच्या दारात उभे राहिले. पोराला अंथरुणातून उठवलं. जाताना मायलमनं राइट यांना वय विचारलं. चौसष्ट, ते म्हणाले. आम्हाला ओळखलंस तर पासष्टावं बघणार नाहीस, असं बजावून ते पोराला घेऊन गेले. तीन दिवसांनी टॅलाहॅची नदीत प्रेत सापडलं. गळ्याला कापसाच्या जिनचा अवजड पंखा काटेरी तारेनं बांधलेला होता.

ही धमकी ऐकलेला माणूस भर कोर्टात उठला आणि त्यानं मायलमला ओळखलं. मग ब्रायंटला ओळखलं. त्या काळच्या मिसिसिपीत कृष्णवर्णीयानं गोऱ्या माणसावर खुनाच्या खटल्यात असं बोट रोखणं म्हणजे शीर तळहातावर घेणं होतं.

ज्युरीत बारा जण, बाराही गोरे पुरुष. ज्युरी मतदारयादीतून निवडायची, आणि त्या काउंटीत एकाही कृष्णवर्णीयाचं नाव यादीत नव्हतं. प्रेत टिलचं आहे याचीच खात्री नाही, असं खुद्द शेरीफनं बचाव पक्षातर्फे सांगितलं. मुलाच्या बोटातली वडिलांच्या आद्याक्षरांची अंगठी कोर्टासमोर होती, तरीही. ६७ मिनिटांत दोघे निर्दोष सुटले. मध्ये थंड पेय प्यायला थांबलो नसतो तर एवढाही वेळ लागला नसता, असं एका ज्युरी सदस्यानं पत्रकारांना सांगितलं. जानेवारी १९५६ मध्ये ‘लुक’ मासिकात याच दोघांनी पैसे घेऊन खुनाची कबुली दिली. एकदा सुटलेल्यावर त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि साक्षीदार? राइट यांनी कापसाचं उभं पीक शेतात सोडलं आणि मिसिसिपीतून कायमचं बिऱ्हाड हलवलं. दुसरा महत्त्वाचा साक्षीदार, १८ वर्षांचा विली रीड, यालाही शिकागो गाठावं लागलं. नोव्हेंबरमध्ये अपहरणाच्या आरोपासाठी दोघे पुन्हा त्याच मुलखात साक्षीला आले. तेव्हाही आरोपपत्र निघालं नाही.

खुनी आपल्या घरी परतले, साक्षीदार परागंदा झाले. त्या खटल्याचा खरा निकाल हा आहे, आणि तो फोटोत दिसत नाही. म्हणून नुसतं ‘काय धैर्य!’ म्हणून पुढे जाणं मला मान्य नाही. राइट यांच्यापुढे मी हात जोडतो. पण खरं बोलायला जिवावर उदार व्हावं लागत असेल, तर तिथली न्यायव्यवस्था साक्षीच्या आधीच कोसळलेली असते. धैर्याचं कौतुक करून तिचा नाकर्तेपणा झाकता येत नाही.

हे दूरदेशीचं म्हणून सोडून देऊ नका. भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत सुरेखा भोतमांगे यांनी मारहाणीच्या एका प्रकरणात आरोपींना ओळखलं होतं. आरोपी जामिनावर सुटले आणि २९ सप्टेंबर २००६ ला जमावानं सुरेखाबाईंसह मुलगी प्रियांका आणि मुलगे रोशन व सुधीर यांना ठार मारलं. बोट दाखवणाऱ्या बाईच्या दारात त्या दिवशी पोलीस नव्हता.

कागदावर आता पुष्कळ काही आहे. महाराष्ट्रानं साक्षीदार संरक्षणाचा कायदा २०१७ साली केला. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू करायला सांगितली. २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं तर अशी योजना करणं प्रत्येक राज्यावर बंधनकारक केलं आहे. पण समन्स घेऊन कोर्टाच्या पायऱ्या चढणाऱ्या मजुराला हे कोणी समजावून सांगतं का? तो फितूर झाला की आपण त्याला विकला गेलेला ठरवतो. आधी हे विचारावं, की साक्षीनंतर त्याच गावात, त्याच पाणवठ्यावर आरोपीच्या भावकीसमोर त्यानं कुणाच्या भरवशावर जायचं होतं?

आणि कॅमेरेवाल्यांनाही एक सांगणं. राइट यांचं तोंड त्या मुलखाला आधीच माहीत होतं. फोटोनं त्यांची साक्ष त्या मुलखाबाहेर नेली. आज कोर्टाच्या फाटकावर साक्षीदाराच्या तोंडासमोर बूम धरला जातो तेव्हा अनेकदा त्याची ओळख फक्त आरोपीच्या माणसांच्या कामी येते. साक्षीदाराच्या संमतीशिवाय त्याचा चेहरा दाखवू नका. बातमीला त्यानं काही कमी पडत नाही.

आमदारांनी येत्या अधिवेशनात सरकारकडून जिल्हावार तीन आकडे मागावेत. किती साक्षीदारांनी संरक्षण मागितलं, किती जणांना ते वेळेत मिळालं आणि खटला संपल्यावर किती जण आपल्या गावात, आपल्या घरात राहत आहेत. पहिले दोन आकडे सरकार कसेबसे देईल. तिसऱ्यासाठी अडून बसा.