तात्यांची बंगाल स्वारी

सहल ठरवणारा माणूस आणि सहलीला जाणारा माणूस या दोन अगदी वेगळ्या जमाती आहेत. आमच्या सोसायटीतले तात्या पहिल्या जमातीतले. असे एक तात्या असल्याशिवाय महाराष्ट्रात सोसायटीची नोंदणीच होत नसावी. निवृत्ती, वेळेवर येणारं पेन्शन, मोकळी दुपार आणि भिंतीवर कालनिर्णय एवढं भांडवल त्यांना पुरतं. याआधी त्यांच्याकडे लखनौ होतं, त्याच्या आधी हैदराबाद. सध्या कोलकात्याचा चार्ज आहे.

‘चार्ज’ हा त्यांचाच शब्द. दार उघडल्याबरोबर ते विचारतात, “कोलकात्याचं काही काम होतं का?”

जेवणाच्या टेबलावर कोलकाता अंथरलेलं असतं. फुलस्केप कागद डिंकाने जोडून केलेला हा तक्ता, त्यामुळे काकू आणि तात्या हल्ली स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्याने जेवतात. तक्त्यात रकाने आहेत: वेळ, ठिकाण, खाणे, चालणे आणि शेवटचा ‘गुडघे’. बरोबर येणारे मेहुणे, त्यांची पत्नी आणि काकू अशा तिघांच्या गुडघ्यांचा विचार करून तो भरला आहे. व्हिक्टोरिया मेमोरियलच्या बागेपुढे ‘ठीक’. पार्क स्ट्रीटच्या जुन्या दफनभूमीपुढे ‘ठीक, पण दगड उंचसखल’. हावडा ब्रिजपुढे लाल शाईत, ‘मेहुणे टॅक्सीत बसतील, बाकीचे पायी’. हा पूल १९४३ साली वाहतुकीला खुला झाला आणि त्यात नट-बोल्ट नाहीत, सगळं रिव्हेटचं काम आहे, हे तात्या दर वेळी सांगतात. मेहुण्यांचे गुडघे त्याच्यापेक्षा जुने नाहीत, हेही सांगतात.

खाण्याच्या रकान्यात मात्र तात्यांची खरी विद्वत्ता दिसते. संदेश कुठे खायचा, तर नकुडकडे. उत्तर कोलकात्यातलं १८४४ चं दुकान. मग भीमनाग, म्हणजे १८२६. तिथलं बंगाली आकड्यांचं जुनं घड्याळ बघायला पाच मिनिटं वेगळी राखून ठेवली आहेत. न्यू मार्केटात नाहूमची बेकरी, बगदादी ज्यू कुटुंबाची, १९०२ पासूनची. कॉलेज स्ट्रीटला कॉफी हाऊस. तिथे कॉफी एक आणि बसणं दोन तास, कारण ‘अड्डा हेही प्रेक्षणीय स्थळ आहे’. जवळच पॅरामाउंटचं सरबताचं दुकान, १९१८ चं. तिथलं शहाळ्याचं सरबत आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी सुचवलं असं सांगतात. तात्या म्हणतात, “रसायनशास्त्रज्ञाने सुचवलंय, म्हणजे पोटाला बाधणार नाही.” आणि तरीही त्याच ओळीत, बारीक अक्षरात, ‘जेलुसिल’.

रसगुल्ल्याचा प्रश्न निघाला की ते न्यायमूर्ती होतात. बागबाजारच्या नबीनचंद्र दासांनी १८६८ साली तो केला, हे बंगालचं म्हणणं. ओडिशाचं म्हणणं जगन्नाथाकडे बोट दाखवणारं. दोन्ही राज्यांना आपापल्या रसगुल्ल्याचं भौगोलिक मानांकन मिळालं, बंगालला २०१७ मध्ये आणि ओडिशाला २०१९ मध्ये. “सरकारने दोघांनाही पास केलं. मी निकाल राखून ठेवलाय. आधी चव घेतो.”

बिर्याणीतल्या बटाट्याबद्दल त्यांच्यासमोर हसायची सोय नाही. अवधचे नवाब वाजिद अली शाह राज्य गेल्यावर १८५६ साली कोलकात्याला आले, मटियाबुर्जला राहिले, त्यांच्या भटारखान्यातून ही बिर्याणी शहरात पसरली, हे सगळं ते सांगतात. बटाटा टंचाईमुळे पडला की शौकामुळे, हा वाद बंगाल्यांनी बघावा. “पोह्यात बटाटा घालणाऱ्यांनी बिर्याणीतल्या बटाट्याला नावं ठेवू नयेत,” हे त्यांचं शेवटचं वाक्य असतं. मेहुणे शाकाहारी आहेत. त्यांच्या वाट्याला त्या बिर्याणीतला बटाटासुद्धा येणार नाही. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा उपतक्ता: लुची आणि आलूर दम, छोलार डाल, धोकार डालना, मोचार घंटो. मोचा म्हणजे केळफूल हे कळल्यावर मेहुणे सुखावले. मोहरीच्या तेलाचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

इतकी तयारी झाल्यावर अडलं कुठे? अडलं कालनिर्णयावर.

सोमवारचीच गोष्ट घ्या. व्हिक्टोरियाची दालनं सोमवारी बंद, इंडियन म्युझियम बंद, रवींद्रनाथांचं जोडासांकोचं घर बंद. तात्यांनी ताबडतोब सोमवार हा खाण्याचा वार म्हणून जाहीर केला. सकाळी कचोरी, दुपारी कोशा मांग्शो, संध्याकाळी निझामचा काठी रोल, असा भरगच्च सोमवार आखून झाला आणि ओट्याजवळून आवाज आला, “अहो, माझा सोमवार असतो.”

त्यावर तात्यांनी संदेशाचा तोडगा काढला. साखर आणि छेना, बाकी काही नाही, उपासाला चालेल. काकूंनी छेना म्हणजे काय ते विचारलं. तात्यांनी सांगितलं. काकू म्हणाल्या, “नासलेलं दूध? उपासाला?” वास्को द गामाच्या मागून आलेल्या पोर्तुगीजांच्या चीजमुळे बंगालात छेना रुजला असं काही अभ्यासक मानतात, हे तात्यांनी समर्थनार्थ सांगितलं आणि खटला कायमचा हरले.

मग महिन्यांचा घोळ. कोलकात्याला कोणत्या महिन्यात जायचं? इलिश मासा खायचा तर पावसाळा. इलिशला उत्तम चव येते तेव्हा इकडे श्रावण लागलेला असतो, तात्यांच्या घरात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य. श्रावण संपला की गणपती, गणपती गेले की पितृपक्ष. दुर्गापूजा बघावी? युनेस्कोने २०२१ मध्ये तिला वारसा-यादीत घेतलं आहे, पंडालांची रोषणाई रात्रभर असते, कुमारटोलीच्या मूर्तिकारांचं वर्षभराचं काम रस्त्यावर येतं. पण नेमकं तेव्हाच इथे घट बसतात. अखंड दिवा लावून घर कुलूपबंद कसं करायचं? शिवाय नवरात्रात काकूंचे उपास, आणि बंगाली माणूस त्याच दिवसांत आनंदाने मटण खातो.

दुर्गापूजेविरुद्ध तात्यांकडे ऐतिहासिक पुरावाही आहे. १७४२ साली रघूजी भोसल्यांचे भास्करपंत कोल्हटकर बंगालच्या स्वारीवर असताना काटव्याजवळ त्यांनी थाटात दुर्गापूजा मांडली आणि ऐन पूजेत नवाब अलीवर्दीखानाचा छापा पडला. पूजा अर्धी टाकून पळावं लागलं. “मराठी माणसाला बंगालातली दुर्गापूजा लाभत नाही,” असं तात्या म्हणतात आणि पंचमी ते दशमी हे रकाने काट मारून टाकतात.

त्याच वर्षी कोलकात्याच्या लोकांनी मराठ्यांच्या धास्तीने शहराभोवती खंदक खणायला घेतला. तीन-एक मैल खणूनही झाला. पण मराठे शहरापर्यंत आलेच नाहीत, काम अर्धवट राहिलं, पुढे खंदक बुजवून त्यावर रस्ता झाला. बाकी बंगालात मात्र बर्गींनी, म्हणजे मराठा घोडेस्वारांनी, जी जाळपोळ केली तिची भीती घालून तिथल्या आया पुढे कित्येक पिढ्या मुलांना झोपवत होत्या. हे वाचून तात्या दोन दिवस गप्प होते. नंतर त्यांनी अंदाजपत्रकात वेटरांच्या टिपेची रक्कम दुप्पट केली.

उरला हिवाळा. नलेन गूर, म्हणजे खजुराच्या रसाचा नवा गूळ, थंडीतच मिळतो, आणि त्या गुळाचा संदेश खाल्ल्याशिवाय कोलकात्याला गेलो असं म्हणता येत नाही, हे तात्यांचं ठाम मत. (माझंही आहे.) मार्गशीर्ष मग? मार्गशीर्षातले गुरुवार असतात. तेही तात्यांनी जमवत आणलं होतं. संकष्टीचा तर त्यांनी फायदाच काढून दाखवला. कोलकाता इतकं पूर्वेला, की तिथे चंद्रोदय पुण्यापेक्षा जवळजवळ तासभर आधी होतो. “संकष्टी कोलकात्यात केली तर उपास एक तासाने स्वस्त!” हा शोध सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता. काकूंनी एकच विचारलं, “आणि मोदक?”

एवढ्यात रेल्वेने आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० वर आणली. नोव्हेंबर २०२४ पासूनची ही गोष्ट. आपल्याला त्यात विशेष वाटलं नसेल. पण चार महिने आधी आझाद हिंद एक्स्प्रेसचा खालचा बर्थ धरणाऱ्या माणसाच्या आयुष्यातला निम्मा आनंद एका परिपत्रकाने गेला. “साठ दिवसांत काय ठरवणार माणूस?” हे त्यांनी मला लिफ्टमध्ये विचारलं, तळमजला येईपर्यंत.

सामानाची यादी मात्र पक्की आहे. खाद्यसहलीला निघालेल्या या मंडळींच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, दशम्या आणि गूळपोळ्या आहेत. का, असं विचारू नये. ‘तिकडे काही मिळालं नाही तर’ हे उत्तर तयार असतं.

आता खरी गोष्ट सांगतो. वरच्या मजल्यावरच्या एका नवीन जोडप्याने गेल्या जानेवारीत तो तक्ता झेरॉक्स करून नेला आणि कोलकाता करून आले. सगळं बरहुकूम निघालं. ट्रॅम मिळाली (१८७३ साली पहिल्यांदा धावलेल्या ट्रॅमचे आता एक-दोनच मार्ग उरलेत, हेही तक्त्यात होतं), हुगळीच्या पात्राखालून मेट्रोने गेले, नकुडचा नलेन गूर संदेश दुपारी संपायच्या आत मिळाला. परत आल्यावर त्यांनी तात्यांना वाकून नमस्कार केला. तात्यांनी सगळा वृत्तांत ऐकून घेतला आणि विचारलं, “काठी रोल मंगळवारी खाल्लात? तो सोमवारी होता.”

तेव्हा कोलकात्याला जायचं मनात असेल, तर टूर कंपनीकडे जाण्याआधी आमच्याकडे या. दुपारी चारनंतर, तात्यांचा चहा झाल्यावर. तक्ता ते आनंदाने देतात आणि वर तासभर समजावतात. फक्त “तुम्ही कधी निघताय?” एवढं विचारू नका. आणि झेरॉक्सचे पैसे आपले आपण द्या.