श्री. सुशोभीकरण यांस,

मुक्काम पोस्ट : ठाणे ते कल्याण-डोंबिवली, जिथे तळे उरले असेल तिथे.

साहेब,

सर्वप्रथम अभिनंदन. सत्ता कुणाचीही येवो, आयुक्त कोणीही असो, तिजोरीत खडखडाट असो, आपली वर्णी हमखास लागते. ठाण्यात एकेकाळी साठेक तळी होती असे सांगतात. आता पस्तीसच्या आसपास उरली आहेत. गेलेली तळी भराव घालणाऱ्यांनी गिळली, तो आळ आपल्यावर घेणार नाही. आपली कामगिरी उरलेल्यांवर आहे.

आपल्या कारकिर्दीला पैसा कधी कमी पडला नाही. 2001 साली केंद्राने राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना आणली, तिच्यात ठाण्याची 9 तळी बसली. 2021 मध्ये अमृत 2.0 आली, 2022 मध्ये अमृत सरोवर, मध्ये स्मार्ट सिटी होतीच. सरोवर योजनेचा कागद मी वाचला आहे. त्यात आधी सांडपाणी रोखायचे, पाणलोट नीट करायचा, गाळ आणि जलपर्णी काढायची, आणि मग किनाऱ्याचे बघायचे, असा क्रम आहे. आपण रांगेत शेवटी होतात. पुढे कसे सरकलात, हे आता गुपित राहिलेले नाही. जमिनीखालच्या मलवाहिनीसमोर फीत कापता येत नाही. पेव्हर ब्लॉक मोजता येतात, मोजमाप पुस्तिकेत चढतात आणि त्यांचे बिल निघते. पाण्यातला प्राणवायू वाढला म्हणून कुठल्या ठेकेदाराचे बिल निघालेले ऐकिवात नाही.

मासुंदा तलावाला तर आपण काचेचा पदपथ दिलात. काचेतून पाणी दिसावे ही कल्पना धाडसी म्हटली पाहिजे. पाणी दाखवण्याजोगे आहे का, हा क्षुल्लक प्रश्न आपण मनात आणला नाहीत. येऊरच्या पायथ्याचे उपवन तळे डोंगर आणि जंगलाला लागून आहे. तिथेही आपल्याला रोषणाई आणि गर्दी कमी वाटते. कल्याणचा काळा तलाव, जुने नाव शेणाळे, चोवीस एकरांचा, आदिलशाही काळापासूनचा म्हणतात. एवढी शतके तो आपल्यावाचून कसा टिकला, याचे आपल्याला नवल वाटत असेल.

पाखरांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण ती आपल्याकडे निवेदन घेऊन येणार नाहीत. तळ्याचा जीव त्याच्या काठात असतो. काठाचा चिखल, लव्हाळे, गुडघाभर पाणी, हळूहळू खोल होत जाणारा उतार. पाणकोंबडी तिथे घरटे करते, टिबुकली पाणवनस्पतींचे तरंगते घरटे त्यांनाच अडकवून ठेवते, बगळा उथळ पाण्यात उभा राहून मासे टिपतो. आपण येता ते हा काठ छाटून सरळ उभी भिंत घालायला. मग तळे टाकी होते. पावसाचे वाहून येणारे पाणी भिंतीबाहेर थांबते, सांडपाणी मात्र नळीवाटे बिनदिक्कत आत येते. त्यावर शेवाळ फोफावते, रात्री प्राणवायू संपतो, आणि पहाटे मासे पांढरी पोटे वर करून तरंगतात. त्या सकाळी आपण कारंज्याचा प्रस्ताव मांडता.

कायद्यानेही आपल्याला मोठ्या प्रेमाने सांभाळले आहे. 2017 च्या पाणथळ नियमांतून, मुद्दाम मनोरंजनासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. म्हणजे ज्याचा माणसाला उपयोग, त्याला संरक्षण नको! ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर पाणथळीचा मान मिळाला, रोहित पक्षी पाहायला बोटी निघतात. आणि त्याच शहरातल्या तळ्यावर एखादी पाणकोंबडी दिसली तर लोक मोबाइल काढतात.

शेतीचे नाव काढले की आपण हसाल. इथे शेती उरली कुठे? कल्याण-शीळ रस्त्याने निळज्याला या. 2015 मध्ये पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत आलेल्या 27 गावांपैकी हे एक. इथले तळे आता घरांच्या जाहिरातीत ‘लेक व्ह्यू’ म्हणून उपयोगी पडते, आणि पाण्यावर जलपर्णी पसरली तरी ‘व्ह्यू’ हिरवाच राहतो. आणखी पुढे, शहापुरात जा. भातसा, तानसा यांसारखी धरणे तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबई-ठाण्याच्या नळांना, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारे पाडेही त्याच तालुक्यात. तिथल्या कालव्याच्या अस्तरीकरणाला सेल्फी पॉइंट जोडता येत नाही, एवढीच त्याची उणीव. 2017 मध्ये राज्याने ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ काढले. गाळ उपसून शेतात नेण्याची साधी, शहाणी योजना. शहरातल्या तळ्याचा गाळ मात्र कुठला शेतकरी डोळे मिटून घेईल? त्यात आमच्या संडासांचे पाणी आणि मूर्तींचे रंग मुरले आहेत.

गैरसमज नको. संध्याकाळी मासुंद्याच्या तलावपाळीवर बसायला मलाही आवडते. नौकाविहार, शेंगदाणे, सगळे हवे. करमणुकीचा वाटा कुणी नाकारत नाही. पण पाण्याचा, पाखरांचा आणि शेताचा वाटाही आपल्याच ताटात वाढून घेता, याचा राग आहे.

म्हणून मागणी लिहून ठेवतो. पुढच्या निविदेत पहिले काम तळ्यात येणारी प्रत्येक मलवाहिनी तोडण्याचे असावे. एक बाजू तरी मातीची, उताराची, बिनदिव्याची सोडावी. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता दोन पावसाळ्यांनंतर पाण्याची तपासणी करून द्यावा, आणि तो अहवाल तळ्याकाठी, उद्घाटनाच्या फलकाएवढ्याच मोठ्या अक्षरांत लावावा. हे मान्य होईपर्यंत आपण कृपया रजेवर जावे. भरपगारी गेलात तरी चालेल, स्वस्तच पडेल.

आपला,
एक करदाता