पाककलेचा सुवर्णकाळ

अमेरिकेच्या पाककलेत 1920 ते 1933 या काळाला तोड नाही. दारूबंदी लागू झाली आणि साऱ्या राष्ट्राला अचानक पाव भाजण्याची अनावर ओढ लागली. बीअरचे कारखानेही मोठ्या मनाने मदतीला धावले. मोड आणलेल्या जवाचा पाक डब्यांत भरून ‘बेकिंगसाठी’ विकू लागले. बडवायझरवाल्यांनी तर यीस्टही काढले. पाक फार गोड, म्हणून त्यात कडवट हॉप्स घातले. बिस्किटे पुरेशी कडू होत नाहीत, ही गृहिणींची जुनीच तक्रार असणार.

कृती सोपी. पाक गरम पाण्यात कालवा, साखर घाला, निवल्यावर यीस्ट टाका, आठवडाभर झाकून ठेवा. पीठ घालायला लोक विसरत, एवढेच. मग तो पाव बाटल्यांत भरून वर बुचे ठोकायची. काही पाव मध्यरात्री तळघरात धडाधड फुटत. छान फुगल्याची खूण!

1933 मध्ये दारूबंदी उठली. घरी वाइन करायला मुभा मिळाली. घरची बीअर मात्र 1978 मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही करेपर्यंत गुन्हाच राहिला. पाव भाजायला कधीच बंदी नव्हती. तरी एवढे सगळे भटारी रातोरात कुठे गेले, कोण जाणे.